पिल्लांची कोंबडी कळपात ठेवावी की वेगळी काढावी?

रत्नागिरी जिल्ह्यातील एका कुटुंबाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे सोळा गावठी कोंबड्या आणि दोन कोंबडे आहेत. सर्व पक्षी रात्री एकाच खुराड्यात कोंडले जातात आणि दिवसभर परसात मोकळे फिरतात. त्यातली एक कोंबडी खुडूक होऊन खुराड्यातच अंड्यांवर बसली. अकरापैकी नऊ अंड्यांतून पिल्ले निघाली, परंतु तिसऱ्या दिवशी सकाळी दोन पिल्ले डोक्याची कातडी फाटलेल्या स्थितीत मेलेली आढळली. उरलेली सात पिल्ले काढून खोक्यात बल्बखाली वाढवावीत, आईसकट त्यांना घरामागच्या बंद खोलीत ठेवावे, की पिल्ले मारणारी कोंबडी शोधून ती विकून टाकावी, असे त्यांनी विचारले आहे.

या तीनपैकी कोणताही उपाय मी सुचवणार नाही. आई आणि पिल्ले कळपाच्या जागेतच, परंतु जाळीच्या आड ठेवावीत. इतर कोंबड्यांना ती दिवसभर दिसली पाहिजेत, त्यांचा आवाज ऐकू आला पाहिजे, पण कोणाचीही चोच त्यांच्यापर्यंत पोचता कामा नये. साधारण दहा ते चौदा दिवस असे ठेवल्यावर, तुमच्या देखरेखीखाली, आईच्या सोबतीनेच पिल्ले कळपात सोडावीत. आपल्याकडे पिल्लांची कोंबडी अंगणात डालग्याखाली झाकून ठेवण्याची जी जुनी रीत आहे, तिचे मर्म नेमके हेच आहे. डालग्याच्या बांबूच्या विणीतून कळप आत पाहतो, आई बाहेर पाहते, आणि घारीपासून पिल्लांचा बचाव होतो तो वेगळाच.

प्रथम ती दोन पिल्ले कशाने मेली याचा विचार करू, कारण कारण चुकीचे धरले की उपायही चुकतो. डोक्यावरची किंवा मानेमागची कातडी फाटलेली आहे आणि पिल्लू तिथेच पडलेले आहे, ही दुसऱ्या कोंबडीने टोचल्याची खूण आहे. घूस पिल्लू कुरतडते आणि बिळाच्या दिशेने ओढत नेते. मांजर, मुंगूस किंवा साप यांच्यापैकी कोणी आले असेल, तर बहुतेक वेळा पिल्लू मागे राहतच नाही. अंगावर जखम नसलेले, चपटे झालेले पिल्लू कोपऱ्यात सापडले, तर ते पायाखाली किंवा आईच्याच अंगाखाली चिरडलेले असते. तुमच्या वर्णनावरून पहिले कारण स्पष्ट दिसते. तरीही खुराड्याच्या तळाशी बिळे आहेत का, हे एकदा पाहून घ्या, कारण पिल्लांचा वास आणि सांडलेली कणी या दोन्हींमुळे घूस हमखास येते.

दुसरी कोंबडी पिल्लू का मारते, हे समजून घेणे आवश्यक आहे. कोंबड्यांच्या कळपात कोणी कोणाला टोचायचे याची ठरलेली उतरंड असते. नॉर्वेच्या थोर्लाइफ शेल्डरुप-एब्बे यांनी ती 1921 च्या सुमारास शास्त्रीय पद्धतीने मांडली, पण ज्याने दाणे टाकताना कोंबड्या नीट पाहिल्या आहेत, त्याला ती आधीच ठाऊक असते. खुडूक कोंबडीच्या शरीरात प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे प्रमाण वाढलेले असते. त्यामुळे ती अंड्यांवर बसते आणि पिल्लांना पंखांखाली घेते. अंड्यावर असलेल्या, म्हणजे रोज अंडी घालत असलेल्या, कोंबडीच्या शरीराची ही अवस्था नसते. तिच्या दृष्टीने पिल्लू म्हणजे आपल्या दाण्याजवळ आलेले एक अनोळखी, हलणारे काहीतरी असते. ती एकदा टोचते. चार दिवसांच्या पिल्लाला ती एक चोचही पुरते. त्यातून रक्त दिसले, तर इतर कोंबड्याही त्या लाल ठिपक्यावर टोचू लागतात, आणि म्हणूनच एकच गुन्हेगार शोधून विकल्याने प्रश्न सुटत नाही. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त त्रास देतात त्या पहिल्यांदाच अंड्यावर आलेल्या तलंगा आणि स्वतःची वेगळी पिल्ले घेऊन फिरणारी दुसरी आई. दुसऱ्या आईच्या पिल्लांना मारण्यात पिल्लांच्या आईइतकी कठोर दुसरी कोणीही नसते.

कोंबड्याविषयी लोकांना विनाकारण भीती वाटते. पूर्ण वाढ झालेला, शांत कोंबडा पिल्लांना सहसा इजा करत नाही. दाणा सापडला की तो विशिष्ट आवाज काढून कोंबड्यांना बोलावतो, आणि पिल्लेही त्या आवाजाला धावतात. त्रास होतो तो तरुण, उतावळ्या कोंबड्याचा. तो आईच्या मागे लागतो आणि त्या धावपळीत पिल्ले पायाखाली येतात. तुमच्या दोन कोंबड्यांपैकी एक असा असेल, तर पहिले काही आठवडे त्याला वेगळे बांधा.

तिसऱ्याच दिवशी पिल्ले मेली यामागे आणखी एक शक्यता मला दिसते आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कोंबडी खुराड्यातच बसलेली असली की इतर कोंबड्या तिच्याच जागेत येऊन अंडी घालतात. ही नवी अंडी मागाहून उबू लागतात. अंडे उबायला 21 दिवस लागतात. मूळ अंडी त्या दिवशी फुटतात, पण मागाहून घातलेले एखादे अंडे दोन-तीन दिवसांनी फुटते. तोपर्यंत आई पहिल्या पिल्लांना घेऊन दाण्यासाठी उठलेली असते. मागे राहिलेले ओलसर, अशक्त पिल्लू एकटेच जागेत ओरडत असते आणि त्याच वेळी कोणीतरी कोंबडी तिथे अंडे घालायला येते. पुढच्या वेळी बसवण्याच्या दिवशी प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने खूण करा आणि रोज संध्याकाळी कोंबडी दाण्यासाठी उठली की खूण नसलेली अंडी काढून घ्या. त्याहून चांगले म्हणजे कोंबडी खुडूक झाल्याची खात्री पटताच, रात्रीच्या अंधारात, तिला अलगद उचलून जाळीच्या आडोशातल्या नव्या जागेत ठेवा. खाली दोन-तीन साधी अंडी ठेवून एक दिवस पाहा. ती नीट बसून राहिली, तर दुसऱ्या रात्री उबवायची अंडी एकदमच खाली सरकवा. दिवसाउजेडी हलवलेली कोंबडी बहुतेक वेळा उठून जुन्या जागेकडे धावते.

आता आजच काय करायचे ते सांगतो. खुराड्याचा एक कोपरा, सुमारे चार फूट लांब आणि तीन फूट रुंद, अर्ध्या इंचाच्या वेल्डेड जाळीने वेगळा करा. षटकोनी छिद्रांची साधी कोंबडीजाळी येथे चालत नाही. पिल्लू तिच्यातून बाहेर पडते, घूस ती कुरतडते आणि कोंबडीची चोच सहज आत जाते. जाळीचा खालचा दीड फूट भाग जमिनीलगत घट्ट बसवा आणि त्याच्या तळाशी वीतभर उंचीची फळी लावा, म्हणजे जाळीला टेकून झोपलेल्या पिल्लाला बाहेरून कोणी टोचणार नाही. हा कोपरा इतर कोंबड्यांच्या दांडीखाली नसावा, कारण रात्रभर वरून विष्ठा पडते आणि त्यातून पिल्लांना रोग होतो. खाली तांदळाचे कोरडे तूस दोन-तीन इंच पसरा. आईसाठी उंच दांडी ठेवू नका. ती चार-पाच आठवडे पिल्लांसह जमिनीवरच झोपणार आहे.

पिल्ले काढून बल्बखाली वाढवण्याचा विचार मनातून काढून टाका, असे मी आग्रहाने सांगेन. पहिल्या आठवड्यात पिल्लांना 32 ते 35 अंश सेल्सिअस ऊब लागते आणि ती दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी कमी करत न्यावी लागते. कोकणात पावसाळी रात्री वीज गेली, तर सात पिल्ले दोन तासांत गारठतात. आईच्या पंखाखाली वीज जात नाही. याहून महत्त्वाचे म्हणजे, आईविना वाढलेल्या पिल्लांना दोन-अडीच महिन्यांनी कळपात सोडताना त्यांच्या बाजूने उभे राहणारे कोणीच नसते. आईने कळपात आणलेल्या पिल्लाला घार आल्याची साद, लपायच्या जागा आणि कोणापासून चार पावले दूर राहायचे, हे सर्व सहा आठवड्यांत शिकायला मिळते. आपण हे शिकवू शकत नाही.

बंद खोलीच्या बाबतीत मी स्वतः चूक केलेली आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी प्रत्येक पिल्लांची आई घराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या गोठ्यात नेऊन ठेवत असे. पिल्ले तिथे सुरक्षित वाढत. परंतु महिन्याभराने त्यांना परत आणले की कळप त्या आईला ओळखतच नसे. उतरंडीतली तिची जागा गेलेली असे. तीन-चार कोंबड्या तिच्यावर एकदम तुटून पडत, तुरा रक्तबंबाळ होई, ती पळून जाई आणि पिल्ले परसभर विखुरत. एका संध्याकाळी अकरा पिल्लांपैकी चार पिल्ले अंधार पडेपर्यंत सापडली नाहीत आणि सकाळी त्यांतले एकच जिवंत मिळाले. तेव्हापासून मी पिल्लांच्या आईला कळपाच्या नजरेआड करत नाही. अंड्यांवर बसलेल्या तीन आठवड्यांत ती रोज एकदा उठून सर्वांसमोर दाणे खाते, एवढ्यानेही तिची ओळख टिकून राहते. पिल्ले निघाल्यावर तीच ओळख आपण तोडू नये.

दहाव्या दिवसानंतर सोडण्याची वेळ निवडताना कोंबडीचा स्वभाव पाहा. जाळीपाशी दुसरी कोंबडी आली की ती पिसे फुलवून, पंख खाली सोडून अंगावर जात असेल, तर ती तयार आहे. जी कोपऱ्यात दबून बसते, तिला आणखी आठवडाभर आतच ठेवा. उतरंडीत खालच्या पायरीवर असलेली कोंबडीही पिल्ले झाल्यावर वरचढ कोंबड्यांना पळवून लावताना मी अनेकदा पाहिली आहे, परंतु सर्वच तशा नसतात. पहिल्या दिवशी दुपारनंतर, कळप पोटभर चरून सावलीत बसलेला असताना, दार उघडा आणि स्वतः तिथे थांबा. भुकेल्या कळपात पिल्ले कधीही सोडू नका. एखादी कोंबडी येऊन टोचू पाहील आणि आई तिला दोन-तीन झटापटींत हुसकावून लावेल. तुम्ही मध्ये पडू नका. कोंबडी पिल्लांच्या मागेच लागत असेल किंवा दोघी मिळून आईला अडवत असतील, तरच हस्तक्षेप करा आणि ती त्रास देणारी कोंबडी उचलून दोन-तीन दिवस वेगळ्या डालग्याखाली ठेवा. येथे हलवायचे ते आईला नव्हे, त्रास देणाऱ्या कोंबडीला. परत आल्यावर तिचाच जोर थोडा ओसरलेला असतो. पहिल्या दिवशी तासभर, मग रोज थोडा अधिक वेळ, आणि साधारण आठवड्याभरात दिवसभर, अशा रीतीने वाढवत न्या.

दिवसभरातल्या दोन वेळा सर्वांत धोक्याच्या असतात. एक म्हणजे दाणे टाकण्याची, आणि दुसरी तिन्हीसांजेला खुराड्यात शिरण्याची. सकाळी कळप आधी बाहेर काढून त्याला दूरवर दाणे टाका आणि मगच आईचे दार उघडा. संध्याकाळी याच्या उलट करा. ऊन उतरताच, इतर कोंबड्या दाराशी गर्दी करण्याच्या अर्धा तास आधी, आईला थोडी कणी दाखवून तिच्या कोपऱ्यात घ्या. तिच्या कोपऱ्याला बाहेरून स्वतंत्र दार करता आले तर फारच उत्तम. आणि कोंडताना पिल्ले रोज मोजा. एखादे मागे राहिले असेल, तर त्याच्या चिवचिवाटावरून ते लगेच सापडते, पण अंधार पडल्यावर ते गप्प होते.

खाद्याच्या बाबतीत एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या तयार खाद्यात कवचासाठी साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते. पिल्लांना त्याच्या साधारण चौथा भाग पुरेसा असतो आणि जास्तीचे कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना अपाय करते. म्हणून एकत्र फिरणाऱ्या कळपात सर्वांना पिल्लांचे किंवा वाढीचे खाद्य द्यावे आणि अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात, पिल्लांना पोचणार नाही अशा उंचीवर ठेवावा. कोकणात तिसऱ्यांच्या शिंपल्या घरोघरी मिळतात. त्या भाजून कुटल्या की हे काम होते. नुसत्या कणीवर पिल्ले जगतात, पण वाढत नाहीत. पहिल्या सहा-आठ आठवड्यांत त्यांच्या खाद्यात 20 टक्क्यांच्या आसपास प्रथिने हवीत. विकतचे खाद्य परवडत नसेल, तर कणीबरोबर शेंगदाण्याची बुरशी नसलेली पेंड, सुकटीचा चुरा आणि वाळवी द्यावी. वाळवीचे ढेकूळ फोडून टाकले की पिल्ले त्यावर कशी तुटून पडतात, हे पाहण्यासारखे असते.

हे खाद्य मोठ्या कोंबड्यांनी खाऊ नये म्हणून भाजीचा प्लॅस्टिकचा क्रेट उलटा घालून त्याच्या कडेला दोन इंच रुंदीच्या वाटा कापा आणि खाद्य व पाणी आत ठेवा. पिल्ले आत जातात, मोठ्या कोंबड्या जात नाहीत. याचा दुहेरी लाभ आहे. कोणी पाठीस लागले की पिल्लू आपोआप तिथे शिरते, म्हणजे खाण्याची जागा हीच आसऱ्याची जागा बनते. परसात असे दोन-तीन आसरे असावेत. नारळाच्या झावळ्यांचे झाप विटांवर टेकवून ठेवले तरी चालते. कावळा, शिक्रा आणि घार यांच्यापासूनही हेच झाप वाचवतात, कारण आईने धोक्याची साद घातल्यावर पिल्लांना पळायला चार पावलांवर जागा लागते. पाण्याचे भांडे उथळ ठेवा आणि त्यात खडे घाला. नारळाच्या करवंटीएवढ्या पाण्यातही दोन दिवसांचे पिल्लू बुडते.

रोगांविषयी थोडक्यात. मोठ्या कोंबड्या अनेक जंतू स्वतः आजारी न पडता वागवतात आणि पिल्ले मात्र त्यांनी दगावतात. त्यात पहिली रक्ती हगवण. तिचे जंतू ओल्या, उबदार तुसात एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात आणि तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांवर त्यांचा जोर सर्वाधिक असतो. म्हणून पाण्याच्या भांड्याभोवतीचे ओले तूस रोज काढणे हे कोणत्याही औषधापेक्षा मोठे काम आहे. पिल्ले पंख पाडून, मान आखडून एकत्र उभी राहिली आणि विष्ठेत रक्त दिसले, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पाण्यातून औषध सुरू करा. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा, आणि आठ ते दहा आठवड्यांच्या दरम्यान त्याच रोगाची आर-टू-बी लस टोचून, असा क्रम प्रचलित आहे. तुमच्या भागात गंबोरो किंवा देवी आढळत असतील, तर त्यांच्या लशींचे वेळापत्रक जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून घ्या. आजारी पिल्लांना लस देऊ नका. बसण्यापूर्वी आईच्या पंखांखाली उवा आहेत का हे पाहा, कारण तीन आठवडे एकाच जागी बसलेल्या कोंबडीवर त्या बेसुमार वाढतात आणि पिल्ले निघताच त्यांच्या डोक्यावर चढतात. तिला रोज राख-मातीत लोळायला मिळाले पाहिजे.

तुमच्या सात पिल्लांसाठी आणखी एक सूचना. एखाद्याच्या डोक्यावर लहानशी जखम असेल, तर ती कोमट मिठाच्या पाण्याने पुसून हळदीचा लेप लावा आणि खपली धरेपर्यंत त्याला जाळीबाहेर सोडू नका. मात्र त्याला आईपासून तोडूही नका. दिवसभर दूर ठेवलेल्या पिल्लाला आई कधी कधी परत स्वीकारत नाही. याच कारणाने दुसरीकडून आणलेली पिल्ले तिच्याखाली सरकवायची असतील, तर ती पहिल्या एक-दोन रात्रींतच, अंधारात आणि जवळपास त्याच वयाची असतील तरच सरकवावीत.

शेवटचा धोका पिल्ले मारली जाण्याचा नसून सोडून दिली जाण्याचा आहे आणि तो बहुतेकांना अनपेक्षित असतो. सहा ते दहा आठवड्यांच्या दरम्यान आई पुन्हा अंड्यावर येते, तिचा तुरा लाल होतो, ती रात्री दांडीवर चढू लागते आणि एके दिवशी स्वतःच्याच पिल्लांना टोचून दूर करते. काही कोंबड्या पाचव्या आठवड्यातच असे करतात. त्या दिवशी पिल्लांना अंगभर पिसे असली, तर ऊब नसल्याने काही बिघडत नाही, पण ती एकाएकी उतरंडीच्या सर्वांत खालच्या पायरीवर येतात. त्यांना वेगवेगळे करू नका, विकायची असली तरी त्या पंधरवड्यात विकू नका. सातही एकत्र असली, तर ती एकमेकांच्या आधाराने टिकतात. जुना जाळीचा कोपरा तोवर मोडलेला नसावा. त्याचे दार दिवसा उघडे ठेवा, आत जमिनीपासून फूटभर उंचीवर एक दांडी बसवा आणि दोन इंचांच्या वाटेचा क्रेट तिथेच राहू द्या. पिल्ले आपण होऊन संध्याकाळी तिथे येतील, आणि ज्या रात्री ती मोठ्या कोंबड्यांच्या दांडीच्या टोकाला जाऊन बसतील, त्यानंतरच ती जाळी काढा.